आमची वाटचाल : डी-वन, एक लग्न आणि शेटजींचा शालू

2001 साली निकॉनचा डी-वन हा डिजिटल कॅमेरा सेकंडहँड घेतला, तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या स्टुडिओत डार्करूम चालू होती. वडील आठवडाभर बोलले नाहीत. 2.74 मेगापिक्सेल! हसा. पण घरातल्या जुन्या निकॉन लेन्स त्याला बसत होत्या, एवढ्यावरच मी भुललो. बसल्या खऱ्या, पण सेन्सर फिल्मपेक्षा लहान. 24 मिमीची वाइड लेन्स 36 मिमीसारखी दिसायची, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावायचं, आणि कार्यालयाच्या भिंतीला पाठ टेकली तरी वधूचे मामा फ्रेमबाहेरच.

पहिलं मोठं काम लक्ष्मी रोडवरच्या एका साडीवाल्या शेटजींचं, कॅटलॉगचं. प्रिंट पाहिला, गल्ल्यावरून उठले, कपाटातून शालू काढून प्रिंटशेजारी पसरला. म्हणाले, "हा माझा शालू नाही." नव्हताच. डी-वन रंग धरायचा एनटीएससी नावाच्या रंगमापाच्या हिशेबाने, आणि आम्ही फाइल उघडायचो एसआरजीबी हे दुसरंच रंगमाप समजून. हे कळेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. दुसरा कुणी असता तर काम काढून घेतलं असतं. शेटजी दर वेळी चहा मागवायचे आणि शालू माझ्याबरोबर द्यायचे. पावती न करता!

मग ते लग्न. 340 एमबीची आयबीएमची मायक्रोड्राइव्ह. नावाला कार्ड, आत फिरती तबकडी. मंगलाष्टकं, अंतरपाट, सप्तपदी सगळं तिच्यात. भरली म्हणून काढली आणि घामट हातातून निसटून थेट फरशीवर. रात्री रीडरला लावली तर नुसती टक्-टक्. मावसभाऊ, तेव्हा धंद्यात निम्मा भागीदार, जुन्या एफएम-टू या फिल्म कॅमेऱ्यावर हौसेने एक रोल काढत होता. त्या लग्नाचे तेवढे 36 फोटो उरले. पैसे परत केले. भाऊ भागीदारीतून बाहेर पडला. त्याचं चुकलं असं आजही म्हणवत नाही.

चुकलं ते आमच्याच गल्लीतल्या एका स्टुडिओवाल्याचं. "डिजिटलवाल्याने अख्खं लग्न पुसलं," हे त्याने गावभर केलं. गिऱ्हाईक आलं की निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून दाखवायचा. त्या सीझनच्या सात ऑर्डरी गेल्या, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. शेटजींच्या कॅटलॉगवर दुकानाचं भाडं निघालं. आणि 2004 साली त्याच माणसाने बोर्ड लावला, 'पेठेतील पहिला डिजिटल स्टुडिओ'. अजून आहे. जाता-येता वाचतो.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका. आणि लग्नात जेवायला शेवटच्या पंगतीला बसा, तोवर कॅमेरा गळ्यातच असू द्या.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या सुटल्या.

शेटजी आता नाहीत. मुलगा मोबाइलवरच फोटो काढतो. गेल्या दिवाळीत त्याने एक व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं, "काका, लाल बरोबर आलाय का?" मी लिहिलं, "शालू घेऊन ये."