समोरची रेती

मे महिन्यातल्या नागपूरच्या वाऱ्याबद्दल कुणी बरं बोलल्याचं ऐकिवात नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा टाकायचा आणि कामाला निघायचं. मला मात्र यंदा त्याची कारागिरी बघायचा नाद लागलाय. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि रस्त्याच्या कडेला कन्हान नदीच्या रेतीचा ढीग पडलाय.

कोरडी रेती ओतली की ३३-३४ अंशांच्या उतारावर आपसूक थांबते. थरच्या वाळवंटातल्या टिब्ब्याची, म्हणजे वाळूच्या टेकडीची, वाऱ्याआडची बाजूही याच कोनात उभी असते. त्याहून चढ झाला की घसरण.

ढिगाच्या माथ्यावर वाकून बघितलं तर आणखी गंमत. बारीक रेती उडून गेलेली, वर राहिलेत खडे आणि शिंपल्यांचे तुकडे. प्रत्येक खड्याच्या पूर्वेला रेतीची चिमूटभर शेपटी. वारा पश्चिमेचा, हे सांगायला वेधशाळा नको. वाळवंटात याच निवडीतून मैलोन् मैल गोट्यांची फरसबंदी तयार होते. वाळवंट म्हटलं की आपल्याला नुसती वाळू दिसते, पण जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूचा आहे, बाकी दगडगोटेच.

उडालेली रेती गेली कुठे? जाडसर कण आमच्या फाटकाच्या बुडाशी. ते उडत नाहीत, उड्या मारतात: एक कण खाली आदळतो आणि दुसऱ्याला उडवतो. बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरनं लिबियाच्या वाळवंटात भटकून, वाऱ्याचा बोगदा बांधून हे गणित मांडलं आणि १९४१ साली छापलं. या उड्या बहुतेक गुडघ्याखालीच राहतात, म्हणून वाळवंटातले खडक बुडाशी जास्त झिजतात. (शाळेत भूछत्र खडकाचं सगळं श्रेय वाऱ्याला दिलं होतं, बुडाशी मुरणारा ओलावा आणि क्षार यांचाही त्यात हात असतो.)

आणि पिठासारखी धूळ? ती कूलरच्या ताट्यांत, पुस्तकांवर, झाकलेल्या भाकरीवरसुद्धा. चीनमध्ये अशीच धूळ लाखो वर्षं बसत राहिली आणि तिचे लोएस नावाच्या मातीचे शेकडो मीटर जाडीचे थर झाले. तिथे लोकांनी त्यात घरं कोरली. आम्ही दिवसातून दोनदा फडकं मारतो.

मिस्त्री वैतागलेला. "प्लास्टरची बारीक रेती सारी उडून राहिली ना भाऊ," म्हणत पाइपानं ढीग ओला करतो. ओली रेती जागची हलत नाही. थरच्या वाळवंटात हेच काम फोग आणि खिंपाची झुडपं करतात.

त्याला म्हटलं, जैसलमेरला रेतीच रेती, फुकट. तो क्षणभर हरखला. मग सांगितलं की वाऱ्यानं घासून ती गोल आणि फार बारीक झालेली असते, सिमेंट धरत नाही.

"मंग काऊन सांगून राहिले?" म्हणाला, आणि पाइप पुन्हा ढिगाकडे वळवला.