कॉपी करण्याचे पैसे

सोमवार, रात्र

मावशीचा फोन आला होता. "नोकरी लागली म्हणे तुला. काय करतेस नक्की?"

म्हटलं, कॉपीरायटर आहे.

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "म्हणजे कुणाचं तरी बघून लिहायचं?"

हसू आवरेना. शाळेत कॉपी करताना पकडलं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि आता त्याचाच पगार मिळतो, असं तिला वाटलं असणार. मी समजावायला गेले. छपाईच्या धंद्यात जुळणीसाठी येणाऱ्या मजकुराला कॉपी म्हणायचे, तोच शब्द जाहिरातीत रुळला, म्हणून जाहिरातीचा मजकूर लिहिणारी ती कॉपीरायटर, वगैरे. तिला पटलं नसावं. तरी ती बरी. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका काकांनी मला त्यांच्या गाण्याच्या चालीचे हक्क नोंदवून द्याल का, असं विचारलं होतं. कॉपीराइट वेगळं आणि कॉपीरायटर वेगळा, हे सांगण्यातच या धंद्यातल्या माणसाचं निम्मं आयुष्य जात असेल.

मी इथे का आले, तर लोक म्हणायचे, तू छान लिहितेस. वाढदिवसाचे संदेश, निरोप समारंभाची भाषणं, कुणाच्या तरी राजीनाम्याचं पत्र, सगळं माझ्याकडे. जाहिरात एजन्सीत येऊन तीन महिने झालेत. ते 'छान' आता पायात येतंय.

गुरुवार

गादीचं काम हातात आहे. फोमची गादी, गुंडाळून, हवा काढून, खोक्यात घालून घरी पाठवतात. उघडली की ती हळूहळू फुगत पूर्ण आकाराला येते.

मी पहिला मसुदा दिला. 'स्वप्नांना कुशीत घेणारी.' दुसरा, 'रात्रीला नवा अर्थ.' तिसरा आता लिहायलाही लाज वाटते, त्यात चांदणं होतं.

सरांनी वाचलं. (सगळे त्यांना सर म्हणतात, त्यांना ते आवडत नाही, तरी म्हणतात.) म्हणाले, "हे उशीला चालेल?"

"चालेल."

"रजईला? पडद्याला? झोपेच्या गोळीला?"

मी गप्प.

"मग हे गादीबद्दल नाहीये. तुझ्याबद्दल आहे."

रागच आला. दुपारभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. मग त्यांनी एक लिंक पाठवली. ग्राहकांनी कंपनीला केलेले फोन, चाळीसेक. खाली एवढंच, 'हे ऐक. तोवर लिहू नकोस.'

शनिवार

दोन दिवस कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकतेय. कुणी लांबून पाहिलं तर वाटेल, ही गाणी ऐकत बसलीय.

लोक काय विचारतात? खोकं उघडल्यावर वास येतो तो कधी जातो. फुगायला किती वेळ लागतो, आज रात्री झोपता येईल का. पलंग जुना आहे, फळ्यांमध्ये फटी आहेत, चालेल का. नाही आवडली तर परत कशी न्यायची, ती पुन्हा त्या खोक्यात मावणार थोडीच! हा शेवटचा प्रश्न तर निम्म्याहून जास्त जणांचा. चाळीस फोनांत स्वप्न हा शब्द एकदाही आला नाही.

एका बाईंचा फोन वेगळाच होता. त्यांना पावती हवी होती फक्त. पण बोलता बोलता म्हणाल्या, "तीन मजले चढून मी एकटीने वर आणली हो. कुणाला हाक मारावी लागली नाही."

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. 'कुणाला हाक मारावी लागली नाही' म्हणताना त्यांचा आवाज किंचित वर जातो. त्यात गादी कुठेच नाही, आणि सगळी गादीच आहे.

सोमवार

आज सरांपुढे कागद ठेवला. 'तीन मजले, एकटीने.' त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत, डिझायनरकडे सरकवला. नंतर कळलं, ते काही बोलले नाहीत की चांगलं असतं.

मंगळवार, उशिरा

झोप येत नाही म्हणून जुन्या जाहिरातींबद्दल वाचत बसले. (गादीवर काम करणाऱ्या बाईला झोप येत नाही, हा विनोद ऑफिसात रोज होतो. आता त्याला कुणी हसत नाही.)

डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातवाल्याची १९५८ सालची रोल्स-रॉइसची जाहिरात या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असते. ताशी ६० मैल वेगातही या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, असं शीर्षक. मला वाटायचं, काय सुचलंय! आज जाहिरातीचा खालचा बारीक मजकूर पहिल्यांदाच वाचला. पहिल्याच मुद्द्यात लिहिलंय की हे वाक्य 'द मोटर' या नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचं आहे. म्हणजे ते ओगिल्वींना सुचलेलं नाही, सापडलेलं आहे. गाडीबद्दलचे कागद वाचता वाचता कुठे थांबायचं हे त्यांना कळलं, एवढंच. एवढंच म्हणतेय खरी, पण मी त्या वाक्यावरून तशीच पुढे गेले असते याची मला खात्री आहे.

त्यांच्याही आधी क्लॉड हॉपकिन्स, तोही जाहिराती लिहिणाराच. श्लिट्झ नावाच्या बिअरचं काम आल्यावर तो कारखाना बघायला गेला. पाणी खोल विहिरीतून कसं काढतात, बाटल्या किती वेळा धुतात, हे सगळं त्याने पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही लोकांना सांगत का नाही? मालकांचं म्हणणं, सगळेच कारखानदार असंच करतात, त्यात सांगायचं काय! त्याने तेच लिहिलं. बाकीच्यांनी लिहिलं नव्हतं.

मावशीला फोन करून सांगावंसं वाटलं, तुझं बरोबर होतं.

शुक्रवार

क्लायंटचं उत्तर आलं. "मजा नाही येत."

या तीन शब्दांचा अर्थ लावायला एखादं खातं उघडायला हवं. लांब आहे? छोटं आहे? रंग आवडला नाही? की आज सकाळी आणखी कुणी तरी त्यांना बोललंय? सरांनी शिकवलंय की अशा वेळी वाद घालायचा नाही, विचारायचं, 'वाचल्यावर पहिल्यांदा काय मनात आलं?' विचारलं. निघालं असं की 'एकटीने'मुळे पुरुष ग्राहक दूर जातील, अशी विक्री विभागाला भीती आहे. 'सहज' करा म्हणाले. 'तीन मजले, सहज.'

मेलं ना वाक्य. तीन मजल्यांचं लिफ्टचं भाडं वाटतंय ते.

मध्येच कायदेशीर बाजू बघणाऱ्या बाईंनी माझी दुसरीकडची ओळ लाल केली होती, 'पाठीचं दुखणं विसरा.' पुरावा आहे का, चाचणी झालीय का? नसेल तर लिहायचं नाही. त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं निदान कळतं तरी.

शेवटी सरांनी तोडगा काढला. गुगलवर काही शोधलं की दिसतात त्या शोध-जाहिरातींत दोन्ही टाका, लोकच ठरवतील.

सोमवार

दिवसभर रकाने भरले. गुगलच्या शोध-जाहिरातीत एका शीर्षकाला ३० कॅरेक्टर, वर्णनाला ९०. एका जाहिरातीसाठी १५ शीर्षकं आणि ४ वर्णनं देता येतात, त्यांच्या जोड्या यंत्र लावतं. म्हणजे मी लिहिलेलं दुसरं वाक्य पहिलं होऊन जाऊ शकतं. कुठलंही वाक्य कुठल्याही वाक्याशेजारी उभं राहिलं तरी बरं दिसायला हवं. लग्नाच्या ग्रुप फोटोसारखं.

आणि आपल्या भाषेची गंमत अशी की मी आधी स्प्रेडशीटमध्ये मोजून बघते, तर 'विश्रांती' कानाला तीन अक्षरं आणि रकान्याला नऊ. वेलांटी वेगळी, पाय मोडलेला वेगळा, अनुस्वार वेगळा. 'निद्रा' सहा. 'झोप' तीन. तीन महिन्यांपूर्वी मी 'झोप' लिहिलंच नसतं, फार साधं वाटलं असतं. आता जोडाक्षर दिसलं की हात आपोआप मागे येतो.

चौदा झाली. पंधरावं काही सुचेना, घरी जायचं होतं, तेव्हा त्या फोनांतला शेवटचा प्रश्न आठवला आणि लिहून टाकलं, 'परत न्यायला आम्ही येतो.' दोन मिनिटं लागली नाहीत. येतात का ते खरंच, हे तेवढं सेवा विभागाला विचारून घेतलं. येतात.

पुढच्या बुधवारी

आकडे आले, कुठली ओळ किती चालली त्याचे. 'सहज' पडलं. बरं वाटलं. 'एकटीने' त्याच्या बरंच पुढे. फार बरं वाटलं. आणि सगळ्यांत पुढे, 'परत न्यायला आम्ही येतो.'

सर म्हणाले, आकडे अजून थोडे आहेत, आठवडाभर थांब, बदलू शकतं. पण माझ्या चेहऱ्यावर जे काय झालं ते पाहून ते हसलेच. ज्या ओळीवर मी तीन दिवस जीव लावला ती दुसरी आणि जी बस पकडायच्या घाईत लिहिली ती पहिली. मला पहिली ओळ आवडत नाही. तिच्यात काही नाही. फक्त लोकांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर आहे.

रविवार

आज हिशेबाची वही काढली, कारण एका जुन्या कामाचे पैसे अजून आलेले नाहीत. नोकरीआधी सहा महिने मी घरून कामं घेत होते, तेव्हाचं. बिल पाठवलंय, आठवण केलीय, आठवणीची आठवण केलीय. "अकाउंट्सला सांगितलंय" हे वाक्य मी आता झोपेत म्हणू शकते.

त्या सहा महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर मी फारसं सांगत नाही. शब्दाच्या दराने काम घ्यायचे. त्यात जितकं फुगवाल तितके पैसे, आणि काम चांगलं कधी होतं तर आटवल्यावर. चार शब्दांसाठी दोन दिवस लागले तर बिल चार शब्दांचंच. पुढे मी कामाचा एकठोक दर सांगायला लागले, किती वेळा बदलून देणार तेही आधीच लिहून द्यायला लागले, तेव्हा निम्मे लोक गळाले. उरलेले बरे निघाले.

आणि एकदा 'चाचणी'. निवड करण्याआधी नमुना म्हणून एक पानभर लिहून मागितलं, फुकट. लिहिलं. "दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली" असं कळवलं. दोन महिन्यांनी तोच मजकूर त्यांच्या साइटवर, स्वल्पविरामासकट. तिथे एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता माझा. तोही तिथेच होता. त्यांनी केली ती खरी कॉपी, मावशीच्या अर्थाने.

गुरुवार

एका नव्या क्लायंटने चॅटजीपीटीकडून वीस शीर्षकं काढून पाठवली. "तयार आहे, फक्त हात फिरवा." आणि हात फिरवण्याचा दर अर्थातच लिहिण्याच्या दराच्या पावपट.

वाचली. व्याकरण स्वच्छ, गुळगुळीत, कुठे अडखळायला होत नाही. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, काय ते लक्षात येईना. मग आलं. माझा पहिला मसुदा. स्वप्नं, कूस, नवा अर्थ, सगळं तिथे. चांदणं नव्हतं एवढंच.

हसले आधी. मग फारसं हसू आलं नाही. ते चांदणं लिहायचे मला पैसे मिळत होते, आणि ते लिहिता लिहिताच मी सरांच्या हाताखाली सापडले. उत्पादनांची वर्णनं, छोट्या पोस्ट, असली बिनमहत्त्वाची कामं नव्या माणसाला देतात, तो ती वाईट करतो, कुणी तरी लाल करतं. तीच कामं आता यंत्राकडे चाललीत. माझ्यानंतर येणारीने वाईट लिहायचं कुठे?

त्या यंत्राला तीन मजले चढलेली बाई ठाऊक नव्हती, अशी मी मनाची समजूत घालत होते. पण उद्या कुणी ते चाळीस फोन लिहून काढून त्याला दिले तर? तेव्हा ते वाक्य त्याला दिसेल का, की तेही पुढे जाईल? मला माहीत नाही. आज तरी मी थांबले होते.

मंगळवार

आता त्या बाईंचं पूर्ण वाक्य मोठ्या जाहिरातीत, ग्राहकाच्याच तोंडचं म्हणून घालायचं ठरलंय. कायदेशीर बाजू बघणाऱ्या बाईंनी लगेच विचारलं, "परवानगी घेतलीत?" फोन नोंदवला जाईल असं सुरुवातीला सांगतात ते सेवा सुधारण्यासाठी. तिचं वाक्य छापायचं तर तिला विचारायला हवं. हे मला सुचायला हवं होतं. इतके दिवस ते वाक्य मी माझंच म्हणून मिरवत होते, माझ्या कामांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलंय.

दुपारी कंपनीमार्फत फोन जोडून दिला. आवाज ओळखला मी, त्या मला कशा ओळखणार! सगळं सांगितलं. त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

"मी असं म्हटलं होतं?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छान आहे हो. छापा की. कुणी लिहिलंय?"

म्हटलं, तुम्हीच.

"हो का!" त्या हसल्या. आणि मग अगदी सरळ विचारलं, "मग त्याचे काही पैसे मिळतात का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. आणि खाली उतरून सरांच्या टेबलाशी गेले.