सुपरपप

रविवारी जेवण झालं की आडवं व्हायचं आणि डोळा लागेपर्यंत मोबाइलवर काहीबाही बघत राहायचं, एवढीच माझी चैन. परवा कुठेतरी चुकून बोट पडलं आणि समोर केप घातलेला कुत्रा आला. झोप गेलीच.

प्रकार १९५८ सालचा, अमेरिकेतला. सुपरमॅनच्या टीव्ही मालिकेचे सेट हाताशी होते, त्यांवरच 'सुपरपप'चा पायलट, म्हणजे विकण्यासाठी करतात तो नमुन्याचा भाग, उरकलेला. अख्ख्या गावात माणूस नाही. ठेंगण्या नटांना कुत्र्यांची मुंडकी चढवलेली. नायक बार्क बेंट, सोबत पामेला पूडल, खलनायक प्रोफेसर शीपडिप. बार्क बेंटच्या टेबलात एक उंदीर राहतो, तो बाहुला. कोणी घेतलं नाही. घेणार तरी कोण?

पोटभर हसलो. मग एकदम त्या मुंडक्याच्या आतला घाम आठवला. तो मला चांगला ठाऊक आहे.

चौथीत असताना वाड्याच्या गणपतीत मी अस्वल होतो. पुठ्ठ्याचं डोकं, त्यावर खळीनं चिकटवलेला काथ्या, अंगात बारदानाचा झगा. श्वास घेतला की काथ्या नाकात. बघायला दोन भोकं होती, पण ती आली होती माझ्या गालांवर, त्यामुळे समोरच्याचे फक्त पाय दिसायचे. मग मी नाटक पायांवरूनच बसवलं : निळ्या पट्ट्याची स्लिपर आली की गुरगुरायचं. वाक्य एकच, "मध कुणी खाल्ला?" महिनाभर घरात तेच. आणि नाटकाच्या दिवशी दुपारपासून जो पाऊस लागला, मांडवात घोटाभर पाणी. उद्या करू म्हणाले. उद्या विसर्जन होतं. पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी मी पाचवीत गेलो आणि अस्वल व्हायची लाज वाटायला लागली.

अमेरिकेत निदान उन्हाळा तरी होता. नेहमीच्या मालिका सुट्टीवर गेल्या की तिकडच्या वाहिन्या न खपलेले पायलट दाखवून मोकळ्या व्हायच्या. सीबीएसचं 'व्हेकेशन प्लेहाउस' तर त्यावरच चालायचं, शिळ्या पोळीचा कुस्करा करावा तसं. सिनेदिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं १९५६मध्ये केलेला 'द फाउंटन ऑफ यूथ' असाच पडून होता. तारुण्याचं औषध, तेही एकालाच पुरेल एवढं, आणि ते नवराबायकोच्या हाती. १९५८मध्ये तो एकदाचा लागला आणि पीबॉडी पुरस्कार घेऊन गेला. मालिका काही निघाली नाही.

'आय लव्ह लुसी'चं उलटं. मालिका गाजली, पण तिचा १९५१चा पायलटच हरवला. जवळजवळ ४० वर्षांनी तो सापडला, त्यात काम केलेल्या विदूषकाच्या बायकोकडे, पलंगाखाली.

पलंगाखाली म्हटल्यावर राहवेना. अस्वलाचं डोकं बरीच वर्षं आमच्या माळ्यावर होतं. आईला फोन लावला.

"तुझं डोकं?" ती म्हणाली. "ते उंदरांनी केव्हाच फस्त केलं. खळ होती ना त्याला."

मी बरं म्हणालो. कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं ठेवला तिनं फोन.

"मध कुणी खाल्ला?" पलीकडून आवाज आला.