स्टेबल की टेस्टिंग? आधी मशीन कुणाच्या टेबलावर आहे ते बघा

डेबियन या लिनक्स प्रणालीतलं ‘स्टेबल’ म्हणजे कधीच न अडकणारं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तिथं स्टेबलचा अर्थ आहे न बदलणारं. ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. त्यात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६.१२ आहे आणि पुढची स्टेबल येईपर्यंत त्याच मालिकेतलं राहणार. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, गंभीर बग दुरुस्त होतात, पण प्रोग्रामचं वागणं तेच राहतं. ब्राउझर तेवढा अपवाद, तो स्टेबलमध्येही पुढं सरकत राहतो. बाकी सगळा मामला कडक भाकरीचा: ताजी नसते, पण महिन्याने डबा उघडला तरी जशीच्या तशी.

टेस्टिंग म्हणजे पुढच्या स्टेबलची तयारी, तेही कुणी अर्धवट शिजवलेलं नसतं. नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, आधी अनस्टेबलमध्ये, म्हणजे सिडमध्ये येतं. तिथं साधारण २ ते १० दिवस काढल्यावर, नवा गंभीर बग निघाला नाही आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेसही तयार असली, तर ते टेस्टिंगमध्ये उतरतं. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. सुरक्षेची दुरुस्तीही बहुतेक वेळा याच वाटेने येते. एखादी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड, अडली की तिच्यामागे दुरुस्तीही रांगेत उभी. स्टेबलला सुरक्षा पथकाकडून थेट अपडेट मिळतं, टेस्टिंगला तशी हमी नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीला आला तेव्हा बाधित पॅकेज टेस्टिंगपर्यंत पोचलेलं होतं, स्टेबलपर्यंत नव्हतं.

म्हणून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात बिलं आणि लेबलं छापणाऱ्या पीसीवर डोळे झाकून स्टेबल टाका. तिथं बसणाऱ्याला लिनक्सशी देणंघेणं नसतं. गाडी दारात उभी असताना प्रिंटर चालला पाहिजे, एवढंच. इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी स्वतःच्या लॅपटॉपवर टेस्टिंग जरूर वापरावं, पण अपग्रेडची यादी वाचायची सवय असेल तरच. टेस्टिंगमध्ये एपीटी या पॅकेजेस आणून बसवणाऱ्या आज्ञेच्या साध्या ‘अपग्रेड’वर बरीच पॅकेजेस अडून राहतात, ‘फुल-अपग्रेड’ द्यावं लागतं, आणि ते वाटेत येणारी पॅकेजेस काढूनही टाकतं. २०२४ मध्ये सन २०३८ नंतरची तारीख ३२ बिटच्या सिस्टिमला मोजता येत नाही या अडचणीसाठी शेकडो लायब्ररींच्या नावांपुढं ‘टी६४’ लागलं. अशा वेळी काढायच्या यादीत अख्खा डेस्कटॉप दिसू शकतो. तसं दिसलं तर ‘एन’ दाबून चार दिवस थांबायचं. एपीटी-लिस्टबग्ज टाकून ठेवलं तर इन्स्टॉलच्या आधीच गंभीर बगची सूचना मिळते.

सगळ्यात जास्त मशीन बिघडतात ती मात्र दोन्हींच्या खिचडीने. मशीन स्टेबल, पण एकच प्रोग्राम नवा हवा म्हणून पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये टेस्टिंगची ओळ घातली जाते. तो प्रोग्राम टेस्टिंगच्या लायब्ररींवर बांधलेला असतो. ट्रिक्सीत जीलिबसी ही मूळ लायब्ररी २.४१ आहे. प्रोग्रामला त्यापुढची लागली की एपीटी तीही ओढून आणतं, आणि जीलिबसीवर तर जवळजवळ सगळी सिस्टिम उभी असते. ओळ मागाहून पुसली तरी आलेलं परत जात नाही. पिन प्रायॉरिटी, म्हणजे एपीटीने कुठल्या आवृत्तीला किती पसंती द्यायची तो आकडा, १००० च्या वर नेऊन जुनी आवृत्ती बसवता येते, पण पॅकेजच्या स्क्रिप्ट सेटिंग आणि डेटाबेस नव्या रूपात नेण्यासाठी लिहिलेल्या असतात, मागे आणण्यासाठी नाही. डेबियन असल्या डाउनग्रेडची जबाबदारी घेत नाही.

त्यापेक्षा बॅकपोर्ट्स वापरा. पॅकेज टेस्टिंगमधलंच असतं, पण स्टेबलच्या लायब्ररींवर पुन्हा बांधलेलं. ‘ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ची ओळ घाला, एपीटी अपडेट करा आणि इन्स्टॉल करताना टी हा पर्याय देऊन ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स लिहा. या भांडाराची प्रायॉरिटी मुळातच १०० असते, नेहमीच्या भांडाराची ५००. त्यामुळे मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही, पण एकदा घेतलेल्या पॅकेजची पुढची अपडेट्स तिथूनच येत राहतात. शंका आली तर ‘एपीटी पॉलिसी’पुढं पॅकेजचं नाव द्या, कुठलं पॅकेज कुठून येणार ते दिसतं. नव्या लॅपटॉपचं वायफाय ओळखलं जात नसेल तर बॅकपोर्ट्समधला कर्नल आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारा प्रोग्राम) दोन्ही घ्या. एकटा कर्नल घेऊन बसणारे खूप भेटतात.

आता विजेचं. एप्रिल-मेच्या दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि टेस्टिंग म्हणजे दर आठवड्याला मोठं अपग्रेड. पॅकेजेस उलगडत असताना पीसी बंद पडला तर चालू केल्यावर आधी ‘डीपीकेजी’ला, म्हणजे एपीटीच्या खाली पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामला, ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय द्यायचे, मग ‘एपीटी’ला ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. नेमका कर्नलच अर्धवट राहिला असेल तर ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. म्हणूनच नव्या कर्नलवर एकदा नीट रीस्टार्ट होईपर्यंत जुनी पॅकेजेस काढणारं ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नये. यूपीएस नसलेल्या पीसीवर टेस्टिंग ठेवायचंच असेल तर अपग्रेड सकाळी लवकर करा.

सोर्सेसमध्ये ‘स्टेबल’ हा शब्दही लिहू नका, ‘ट्रिक्सी’ लिहा. नाहीतर नवी आवृत्ती जाहीर झाल्यावर ऑफिसातला कुणीतरी रोजचं अपग्रेड म्हणून बटण दाबेल आणि मशीन अर्ध्या वाटेवर पुढच्या आवृत्तीत जाऊन बसेल. टेस्टिंगवाल्यांनी ‘फोर्की’ हे पुढच्या आवृत्तीचं नाव लिहिलं तर फोर्की स्टेबल होईल तेव्हा मशीनही तिथंच थांबेल. कायम टेस्टिंगवरच राहायचं असेल तर मात्र ‘टेस्टिंग’ हाच शब्द ठेवा.

आणि पेठेतल्या दुकानांत अजून ३२ बिटचे पीसी आहेत, त्यांना ट्रिक्सीच्या वाटेला लावू नका. ३२ बिटचा कर्नल आणि इन्स्टॉलर त्यात नाही. तिथं बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, हा शेवटचा थांबा.