पंप नवा बसवला, तरी गाडी धापा टाकतच होती

या वेळच्या सुट्टीत जर्मनीतल्या स्टुटगार्टहून कोल्हापुरात घरी पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पन्हाळ्याच्या वाटेला लागलो, आणि वाघबीळच्या पुढे चढ सुरू होताच माझी २०१० सालची ५०० सीसीची, फ्युएल इंजेक्शनवाली बुलेट आचके देऊ लागली. तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल जितका पिळावा तितकी ती दबत होती, आणि थोडा सोडला की पुन्हा नीट चालत होती. इंजिनाला हवे तितके पेट्रोल मिळत नाही, एवढे तिथेच समजले. अर्ध्या चढावरून मी परत फिरलो.

गाडी अकरा महिने घरात झाकून होती. बाबा दर रविवारी ती पाच मिनिटे सुरू ठेवत, पण टाकी अर्धीच भरलेली होती, म्हणजे उरलेल्या अर्ध्या टाकीत आपल्या पावसाळ्याची दमट हवा. जाण्यापूर्वी टाकी रिकामी करायला हवी होती हे मला मान्य आहे; मात्र विमानाच्या आदल्या दिवशी माणसाला आईवडिलांजवळ बसायचे असते, टाकी उतरवायची नसते.

टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरले, तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा वेगळाच थर दिसला. वर पिवळसर पेट्रोल, खाली पांढुरके पाणी आणि त्यात विरघळलेले इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि ओल मर्यादेबाहेर गेली की पाण्याला धरून पेट्रोलपासून फुटते आणि तळाला बसते; टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या फ्युएल पंपाची जाळी नेमकी त्याच तळाशी असते. आमची जाळी तपकिरी झाली होती आणि पंपाच्या तोंडाशी गंज धरला होता.

इथे मला स्टुटगार्टच्या पेट्रोल पंपाबद्दल जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण ही गोष्ट महिनाभर माझ्या मनातून जात नाही. जर्मनीत २०११ साली ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल आले, आणि त्याच्या शेजारच्या नळीत ई-५ आजही मिळते. ज्याची गाडी जुनी आहे तो लिटरमागे काही सेंट जास्त मोजून ई-५ भरतो. कोणत्या गाडीला ई-१० चालते याच्या याद्या आहेत, नळीवर गोल लेबल आहे, आणि निर्णय गाडीच्या मालकाचा आहे. आपल्याकडे ई-२० आले तेव्हा २०१० सालच्या गाडीचे रबर, जाळी आणि पंप यांचे काय होईल, हे आपल्या पंपावर मला कोणी विचारले नाही आणि दुसरी नळीही ठेवली नाही. या एका बाबतीत जर्मन माणसाचा मला हेवा वाटतो.

तरीही तिथल्या मित्रांपुढे मी ई-२० ची बाजू घेऊन भांडलो आहे. हे इथेनॉल आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून येते. आमचे बाबा साखर कारखान्याचे सभासद आहेत, माझ्या इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातून भरली गेली, आणि आज डिस्टिलरी चालते म्हणून बिल वेळेवर निघायला हातभार लागतो हेही मी घरात पाहतो. जे इथेनॉल माझा पंप खाते त्याच उसाने मला स्टुटगार्टला पोहोचवले. मला फक्त शेजारी दुसरी नळी हवी आहे.

जर्मनीत दुरुस्ती मी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये शिकलो, कारण भाड्याच्या घराच्या तळघरात टाकी उघडायला आमच्या घरमालकाची सक्त मनाई आहे. तासावर लिफ्ट भाड्याने घ्यायची, टाकी उघड्या हवेतच उघडायची आणि काढलेले पेट्रोल घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितले होते, की आधी दाब मोज, मग पार्ट विकत घे. म्हणून बॅगेत चटणी-लोणच्यासाठी जागा ठेवून मी प्रेशर गेज आणि टी-जोड घेऊन आलो होतो.

उद्यमनगरातल्या अण्णांच्या गॅरेजमध्ये गेज जोडले. पंपाकडून येणाऱ्या पेट्रोलचा दाब ३ बार हवा, तो २ वर अडला होता. इंजेक्शनच्या गाडीत पंप ट्यून करायचा म्हणजे कार्ब्युरेटरसारखा स्क्रू फिरवायचा नसतो. दाब रेग्युलेटर ठरवतो, आणि तो ३ बारच आहे असे गृहीत धरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. दाब २ बारवर आला की तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के पेट्रोल कमी पडते. त्यात साध्या पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते तिथे ई-२० ला साधारण १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते; गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला.

शेजारच्या दुकानात वेल्डिंग चालू होते. टाकी उघडण्याआधी ते थांबवा, असे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, आणि अण्णांनी काही न बोलता जाऊन ते थांबवले. नवा पंप, नवी जाळी, नवे गास्केट बसवले, थ्रॉटल बॉडी धुतली. चावी फिरवल्यावर पंप दोन सेकंद गुणगुणला आणि काटा ३ वर गेला. मी हात पुसायला घेतले.

"हेडलाइट लाव बघू," अण्णा म्हणाले.

हेडलाइट लावून रेस केली तसा काटा खाली घसरला.

"पंप नवाय, पर त्याला करंट पोचंना झालाय. अर्थ खाल्लाय बघ."

त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पंपाच्या प्लगवर ९.८. चॅसिसला ज्या बोल्टने अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर धरली होती तिथे हिरवट बुरशीसारखा गंज होता आणि हेडलाइटचा अर्थही त्याच बोल्टवर होता. अण्णांनी ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पंपासाठी बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड वायर ओढली, आणि मग काटा रेसमध्येही हलला नाही. शेवटी आयडलिंग त्यांनी कानानेच लावले.

दाब मोजायचा हे मी तिथे शिकलो होतो, पण व्होल्टेज मोजायचे मला सुचले नव्हते, आणि स्टुटगार्टमध्ये एकट्याने काम करताना ते सुचायला मला आणखी चार तासांचे भाडे पडले असते. १८८६ साली जिथे बॉशचे पहिले वर्कशॉप उघडले त्या शहरात मी राहतो, याचा मला अभिमान आहे. ऑइल इंजिन उघडून-जोडून तयार झालेले अण्णांचे हात आपल्या उद्यमनगरातले आहेत, याचा त्याहून जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेज टाकीला चिकटपट्टीने बांधून पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाजापर्यंत काटा ३ वर होता.

निघताना या वेळी टाकी पूर्ण रिकामी करून ठेवली आहे. गेज अण्णांकडेच ठेवले. त्यांनी ते टेस्ट लॅम्पच्या शेजारी खिळ्याला अडकवले आणि कोणी न्यायला आलेच तर विचारून द्या, असे पोराला बजावले.