बारावी सायन्स झाल्यावर फाउंडेशन कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"बारावीला केमिस्ट्रीत चांगले मार्क होते ना? मग इंग्लंडला जाऊन परत मोल आणि मोलॅरिटी? वर्ष फुकट घालवलंस बघ." लग्नकार्यात, व्हिडिओ कॉलवर, गावी गेल्यावर चहा घेताना हे ऐकत आले आहे. "तिकडचा नियमच आहे," म्हणून मी विषय संपवते. आज नीट सांगते.

सगळीकडे नसला तरी माझ्या विद्यापीठाचा तसा नियम होता, हे खरं. तिकडची शाळा ए-लेव्हल (शेवटची दोन वर्षं) धरून १३ वर्षांची, आपली १२. मला केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं, विद्यापीठाने आधी फाउंडेशन, म्हणजे पदवीच्या आधीचं तयारीचं वर्ष, करायला सांगितलं. तेव्हा अपमान वाटला होता. आपल्या बोर्डाचं पुस्तक कुठे कमी नाही, हे तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. मोल अकरावीच्या पहिल्याच धड्यात आहे, मोजमापातली अचूकता दुसऱ्यात.

पण ती अकरावी माझ्या वाट्याला आली कुठे? मी इंटिग्रेटेडला. कॉलेज कागदावर, दिवसभर क्लास. सीईटीला अकरावीचं वेटेज २० टक्के, म्हणून ती उरकलेली. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, 'का' विचारायला कुणाला सवड नाही. लॅबला कुलूप. प्रॅक्टिकलचे ३० मार्क मिळणार हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जर्नल सीनियरचं आणून उतरवायचं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे एकात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण काढायचं टायट्रेशन. आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, तिन्ही हुबेहूब सारखी, खाली सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं कायम येणारं रीडिंग.

फाउंडेशनच्या लॅबमध्ये तेच टायट्रेशन समोर आलं. म्हटलं, हे तर आपलं पाठ आहे. फ्लास्कमधलं द्रावण तापवलं, ब्युरेटचा, म्हणजे खुणांच्या उभ्या नळीचा, कॉक फिरवला, जांभळा थेंब पडला आणि सगळं गुलाबी झालं. रंग जाईना. फिका गुलाबी रंग टिकला की एंड पॉइंट, एवढं मला माहीत. पण पहिल्याच थेंबाला? कॉक तसाच धरून मी उभी राहिले. शिकवणाऱ्या बाई आल्या, म्हणाल्या, फ्लास्क हलवत राहा, थांब. हळूहळू रंग गेला. दुसरा थेंब लवकर विरला, पुढचे तर पडता पडताच. मग त्यांनी विचारलं, "आता फ्लास्कमध्ये असं काय आहे, जे मघाशी नव्हतं?"

समीकरण मला तोंडपाठ. दोन परमँगनेट, पाच ऑक्झॅलेट, सोळा हायड्रोजन आयन. उत्तर येईना. शेजारच्या टेबलावर माझ्याच वर्गातली एक बाई होती, शाळा सोडून बरीच वर्षं वृद्धाश्रमात नोकरी केलेली. ती म्हणाली, "जे तयार होतंय, तेच मदत करत असेल का?" तेच होतं. मँगनीजचा टू प्लस आयन तयार होतो आणि पुढच्या अभिक्रियेचा वेग वाढवतो. सुरुवातीला तो नसतो, म्हणून पहिला थेंब रेंगाळतो. अभिक्रिया मुळात मंद, म्हणूनच आधी तापवायचं. 'साधारण ७० अंशांपर्यंत तापवा' हे मी जर्नलमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. का तापवायचं, हे ना मी विचारलं, ना कुणी मला. त्या संध्याकाळी मी खोलीवर जाऊन रडले. त्या शेजारणीचा राग नव्हता. दोन वर्षं माझ्याकडून काढून घेतली होती, त्याचा होता.

एवढ्यासाठी बाबांनी कर्ज काढायचं? बारावीतली मी हेच विचारते, आणि तिचं अगदीच चूक नाही. व्हिडिओ बघूनही कळलं असतं, ती म्हणते. मला नाही पटत. परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा वाकलेला तळ, दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. ते ब्युरेटसमोर डोळा नेल्याशिवाय अंगात भिनत नाही. आता माझी रीडिंग एकसारखी येत नाहीत. ०.१ मिलीच्या आत आली की मला आनंद होतो, खरा आनंद. पण कुलूपबंद लॅब गावातच उघडली असती तर हे शाळेच्या फीमध्ये झालं असतं, हेही मी विसरू शकत नाही.

धाकटा भाऊ यंदा अकरावीला जाईल. बाबांनी विचारलं, इंटिग्रेटेडला घालू का? मी म्हटलं, नको, जिथे लॅब चालते तिथे घाला. ते म्हणाले, "आणि सीईटीत मागे पडला तर त्यालाही तिकडेच पाठवू का? पैसे कुठून आणू?" त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.