सोबात आहे तरी काय?

सुदानमधली नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच, "सुदानमधले एवढे पिरॅमिड सोडून तुम्ही त्या सोबाचं काय घेऊन बसता? तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

सुदानची राजधानी खार्टूम; तिथून निळ्या नाईलच्या काठाने, प्रवाहाच्या उलट, वीसेक किलोमीटर वर गेलं की सोबा लागतं. न्युबिया म्हणजे नाईलकाठचा जुना प्रदेश; तिथल्या अलवा या ख्रिस्ती राज्याची ही राजधानी. दहाव्या शतकात इजिप्तहून आलेला, तिथल्या फातिमी राजवटीचा दूत इब्न सुलैम अल-अस्वानी इथल्या देखण्या इमारती, बागा आणि सोन्याने भरलेली चर्च यांचं वर्णन करतो. मुसलमानांची वेगळी वस्ती होती, असंही तो लिहितो.

आता तिथे उपनगर आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ओळखीच्यांच्या घरी खोली वाढवायला पाया खणत होते. मी बांधकामातला माणूस, नजर आधी मातीच्या ढिगाकडे गेली. भाजक्या लाल विटांचे तुकडे आणि खापरंच खापरं! आपल्याकडे जुन्या गावठाणाच्या पांढरीत सापडतात तशी. एक खापर मी धुऊन पाहिलं. काळसर अंगावर रंगाची बारीक रेघ, शेजारी ठिपक्यांची ओळ. हात न थरथरता ओढलेली रेघ होती ती. मी ते होतं तिथे ठेवून दिलं.

मग चर्च गेली कुठे? विटांच्या रूपाने खार्टूमला. १८२० च्या दशकात तुर्की-इजिप्शियन राजवटीने ते शहर वसवलं, तेव्हा सोबातल्या विटा उपसून नेल्या. तरी जमिनीच्या पोटात बरंच उरलं होतं. १९५० नंतर पीटर शिनी यांनी आणि १९८० च्या दशकात डॅनियल्स आणि वेल्सबी या पुरातत्त्वज्ञांनी खणलं. एकाच टेकाडावर शेजारी शेजारी तीन चर्च निघाली. पुढे पोलंडचं पथक आलं, तोवर घरं टेकाडांना भिडली होती. घरं बांधणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणसांनी राहायचं कुठे?

त्या दिवशी घरातल्या पोराने पाण्याचा माठ फोडला. आजी ओरडली, "अजूबा, सोबा बुडवणारी!" अजूबा नावाच्या बाईपायी सोबा लयाला गेलं अशी दंतकथा आहे, आणि नासधूस करणाऱ्याला सुदानी माणसं अजून तिचं नाव देतात. राजधानी जाऊन पाचशे वर्षं झाली. तिच्याच मातीवर उभं राहून ते पोर बोलणी खात होतं.

एप्रिल २०२३ मध्ये खार्टूममध्ये युद्ध पेटलं. तेव्हापासून त्या घरचा फोन लागत नाही. दर शुक्रवारी मी लावून बघतो.